डोळखांबचा पाऊस आणि गळक्या रांजणाचे गणित

गणिती प्रतिमान म्हणजे प्रत्यक्षातल्या एखाद्या घडामोडीतून काही मोजक्या राशी उचलायच्या, त्यांचे परस्परसंबंध समीकरणात मांडायचे आणि त्या समीकरणाकडून पुढे काय होईल ते काढून घ्यायचे. उपयोजित गणिताच्या पाठ्यपुस्तकांत ही रीत पायऱ्यापायऱ्यांनी शिकवली जाते: प्रश्न नेमका करणे, गृहीतके लिहून काढणे, समीकरण बांधणे, ते सोडवणे, उत्तर मोजमापाशी ताडून पाहणे आणि जमले नाही तर गृहीतकांकडे परत जाणे. एनसीईआरटीच्या २००६ सालच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांतही परिशिष्टात हा विषय आला. मात्र गृहीतकांची पायरी बहुतेक पुस्तके दोन ओळींत उरकतात, आणि प्रतिमान उपयोगी पडणार की फसवणार हे बरेचसे तिथेच ठरते. शहापूर तालुक्यातले डोळखांब आणि आजूबाजूची गावे-पाडे यांच्या पाण्यावरून हे चांगले उलगडते, कारण तिथे एकाच पावसाची दोन वेगवेगळी गणिते मांडली जाऊ शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

डोळखांब सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, जवळच आजोबा डोंगर. या पट्ट्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सखल खाचरांत भात, वरकस जमिनीवर नागली आणि वरई. ओहोळ दुथडी भरून वाहतात. मार्च-एप्रिलमध्ये याच भागातल्या विहिरी तळ दाखवू लागतात, नदीच्या कोरड्या पात्रात डवरे खणले जातात आणि तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. या विसंगतीवर बोलले पुष्कळ जाते. तिचे गणित मात्र सहसा कोणी मांडून दाखवत नाही.

पहिले गणित जुने आहे आणि त्याची पुस्तकेही जुनी आहेत. पावसातले किती पाणी ओढ्या-नद्यांतून वाहून खाली येते, म्हणजे अपधाव किती, हा धरण बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले अभियंता डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांचे मातीच्या धरणांच्या साठवण तलावांवरचे पुस्तक १९०४ मध्ये आले. त्यातली कोष्टके आजही भारतातल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात. पाणलोट क्षेत्राची चांगले, मध्यम आणि वाईट अशी विभागणी करून, हंगामाच्या एकूण पावसाच्या किती टक्के पाणी तलावात येईल हे स्ट्रेंज यांनी कोष्टकात दिले. कोष्टक हेही प्रतिमानच. समीकरणाऐवजी आकड्यांच्या रांगा, एवढाच फरक. मात्र यातले ‘चांगले’ पाणलोट म्हणजे पाणी भराभर खाली लोटून देणारे. डोंगरउतारावरच्या पाड्याच्या विहिरीला नेमके तेच मारक ठरते. कोष्टक तलावाच्या बाजूने लिहिलेले आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त वापरणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते.

पुढचा टप्पा इंग्लिस आणि डिसूझा यांचा. पुण्याजवळच्या ज्या संशोधन केंद्राला आज खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखतात, त्याची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांसाठी झाली, आणि क्लॉड इंग्लिस हे त्या केंद्राच्या इतिहासातले मोठे नाव. १९२९ मध्ये इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनावरून दोन सूत्रे मांडली, एक घाटमाथ्याच्या प्रदेशासाठी आणि एक दख्खनच्या पठारासाठी. सेंटिमीटरमध्ये घाटाचे सूत्र असे आहे: अपधाव = ०.८५ × पाऊस − ३०.५. पठाराचे सूत्र: अपधाव = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४.

डोळखांबच्या परिसरासाठी पाऊस २५० सेंटिमीटर धरला तर घाटाच्या सूत्राने अपधाव १८२ सेंटिमीटर येतो, म्हणजे पावसाच्या सुमारे ७३ टक्के. पठारावर एखाद्या ठिकाणी ६० सेंटिमीटर पाऊस पडला तर दुसऱ्या सूत्राने जेमतेम १० सेंटिमीटर पाणी वाहते, म्हणजे साधारण १७ टक्के. दोन्ही ठिकाणी दगड दख्खनच्या बेसाल्टचाच, पण पावसाचे पुढे काय होते ते अगदी वेगळे. घाटाच्या सूत्रातले ३०.५ येते ते जमीन भिजवण्यात आणि झाडझाडोऱ्यात सुरुवातीलाच जिरणाऱ्या वाट्यामुळे. त्यानंतर पडलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८५ टक्के पाणी वाहून जाते. याच सूत्रात पाऊस ३० सेंटिमीटर घातला तर अपधाव उणे येतो, म्हणजे पाणी नदीतून वर डोंगरात चढते! सूत्र चुकलेले नसते, ते आपल्या हद्दीबाहेर नेलेले असते. प्रत्येक प्रतिमानाला अशी हद्द असते आणि ती समीकरणात लिहिलेली नसते. पुस्तकातल्या आजूबाजूच्या मजकुरात ती सापडते, आणि परीक्षेच्या तयारीत नेमका तोच मजकूर गाळला जातो.

वाहून आलेले पाणी धरणात अडवले की पुढचे गणित सोपे होते. साठ्यातला रोजचा बदल म्हणजे आलेले पाणी वजा सोडलेले पाणी वजा बाष्पीभवन. अशा हिशेबावरून साठवण किती मोठी असावी हे आलेखाने काढण्याची पद्धत रिप्ल यांनी १८८३ मध्ये मांडली, आणि ती अजून पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून उपयुक्त क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यातले जवळजवळ निम्मे, ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचे. शहराला दिवसाला ३,८५० दशलक्ष लिटर पाणी जाते असे धरले तर भागाकार ३७६ येतो. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ भरले तर बाष्पीभवन वजा जाताही पुढच्या जुलैपर्यंत निभावते, ते याच भागाकारामुळे. या गणितात साठ्याचे तोंड माणसाच्या हाती आहे: जेवढे सोडायचे तेवढेच जाते.

डोळखांबच्या उतारावरच्या विहिरीचे गणित याहून वेगळे आहे, आणि इंग्लिस यांच्या सूत्राने जे पाणी हिशेबातून वजा केले त्याच्याशीच ते सुरू होते. जमिनीखाली काय आहे ते आधी पाहावे लागेल. वर थोडी माती, खाली मुरूम, मग भेगाळ किंवा मांजऱ्या खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरते ते मुरूम आणि भेगांत. भूजल मोजण्याच्या शासकीय कार्यपद्धतीत बेसाल्टच्या भागांसाठी जे संदर्भआकडे वापरतात त्यांत कुजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या साधारण ७ टक्के पाणी मुरते असे धरतात. खडकाच्या घनफळापैकी प्रत्यक्ष सुटून विहिरीत येऊ शकणारे पाणी, म्हणजे विशिष्ट उत्पादन, साधारण २ टक्के धरतात. एक घनमीटर भिजलेल्या खडकातून फक्त २० लिटर पाणी हाती लागते, असा त्याचा अर्थ. नदीकाठच्या जाड वाळूत हेच प्रमाण कितीतरी जास्त असते.

आता एक नमुना गणित मांडता येते. आकडे कल्पिलेले आहेत, पण अवास्तव नाहीत. एक चौरस किलोमीटरचा उतार आणि त्यावर हजार लोकांचे गाव. पाऊस २,५०० मिलिमीटर, म्हणजे या उतारावर वर्षाला २५० कोटी लिटर पाणी पडते. जल जीवन मिशनच्या दरडोई दिवसाला ५५ लिटर या निकषाने गावाची गरज रोज ५५ हजार लिटर, वर्षाला सुमारे २ कोटी. पाऊस गरजेच्या सव्वाशेपट. मुरणारे ७ टक्के म्हणजे साडेसतरा कोटी लिटरही गरजेच्या जवळजवळ नऊपट. इथवर कागदावर टंचाईला जागाच दिसत नाही, आणि ‘एवढा पाऊस पडतो, मग पाणी का नाही’ हा नेहमीचा प्रश्नही इथेच थांबतो. वार्षिक बेरीज-वजाबाकीने त्याचे उत्तर मिळत नाही, कारण बेरजेत वेळ नसते.

वेळ आणायची तर साठ्याचे समीकरण लागते. पाण्याची पातळी पावसाळ्यात ५ मीटर वर येते असे धरले तर २ टक्क्यांनी साठा होतो १० सेंटिमीटर जाडीच्या पाण्याएवढा, म्हणजे एका चौरस किलोमीटरवर १० कोटी लिटर. साडेसतरा कोटी मुरले तरी मावतात दहाच. बाकीचे पावसाळ्यातच झऱ्यांनी बाहेर पडते. आणि हे दहा कोटीही बसून राहत नाहीत. डोंगरउतारातला साठा म्हणजे बुडाला भोक असलेला रांजण. रांजणात पाणी जास्त तेव्हा गळती जोरात, पाणी कमी झाले की गळतीही कमी. गणिताच्या भाषेत, दर दिवशीची गळती शिल्लक साठ्याच्या ठरावीक अंशाइतकी. यालाच रेषीय जलाशयाचे प्रतिमान म्हणतात. झऱ्यांच्या प्रवाहासाठी फ्रेंच गणितज्ञ एदमों माये यांनी १९०५ च्या आपल्या भूगर्भजलावरच्या पुस्तकात हेच घातांकी घटीचे सूत्र वापरले, आणि त्याच सुमारास बूसिनेस्क यांनी त्याच्यामागचे भौतिकशास्त्र मांडले. अशा साठ्याची ओळख एकाच आकड्याने होते: पाणी निम्मे व्हायला किती दिवस लागतात. त्याला अर्धकाल म्हणू.

अर्धकाल ३० दिवसांचा धरू आणि मोजणी १ ऑक्टोबरला सुरू करू. पहिल्याच दिवशी गळून जाणारे पाणी सुमारे २३ लाख लिटर. त्याच दिवशी गाव उपसते ५५ हजार. निसर्गाची गळती गावाच्या उपशाच्या चाळीसपटीहून जास्त. ऑक्टोबर संपेपर्यंत निम्मे पाणी, पाच कोटी लिटर, ओहोळांतून निघून गेलेले असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण विहिरीत अजून भरपूर दिसते. गळती आणि उपसा दोन्ही धरून समीकरण सोडवले तर साठा संपतो १६३ व्या दिवशी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या १६३ दिवसांत गावाने वापरलेले पाणी ९० लाख लिटर, दहा कोटींच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. बाकीचे सगळे उताराने खाली गेले.

प्रतिमानाची खरी उपयुक्तता एका उत्तरात नसते. एकेक आकडा बदलून उत्तर किती हलते ते पाहण्यात असते. पुस्तकांत त्याला संवेदनशीलतेचे विश्लेषण म्हणतात. गावाने पाण्याचा वापर निम्म्यावर आणला, दरडोई साडेसत्तावीस लिटरवर, तर साठा मार्चच्या दुसऱ्या आठवड्याऐवजी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरतो. लोकांनी एवढा जाच सोसायचा आणि पदरात महिनाभर. सुरुवातीचा साठा दुप्पट झाला, दहाचे वीस कोटी झाले, तरी मुदत तेवढीच वाढते, एका अर्धकालाइतकी. यात काही योगायोग नाही: जादा मिळालेले दहा कोटी महिन्याभरात गळून जातात आणि हिशेब पुन्हा पहिल्या जागी येतो. आता अर्धकाल बदलून पाहू. तो ३० ऐवजी ४५ दिवसांचा केला तर पाणी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकते. ६० दिवसांचा केला तर जूनच्या चौथ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे नवा पाऊस सुरू होऊन गेल्यावरही. तोच पाऊस, तोच साठा, तेच गाव. बदलले ते फक्त भोक.

समतल चर, बांधबंदिस्ती, ओढ्यावरचे कच्चे बंधारे, भूमिगत बंधारे, खाचरांचे बांध टिकवणे या कामांकडे पाहण्याची दृष्टी या गणितातून बदलते. किती खोदले, किती घनमीटर पाणी अडले, हे सहसा मोजले जाते. त्या कामाने अर्धकाल किती लांबला, हे मोजले जात नाही. वरच्या भागात जिरवलेले पाणी खालच्या ओहोळाला महिनाभरात मिळत असेल, तर मार्चमधल्या विहिरीला त्याचा उपयोग फारसा होत नाही. भावली धरणातून गुरुत्वाने शहापूर तालुक्यात पाणी आणण्याच्या योजनेमागचा विचार अगदी दुसऱ्या टोकाचा: गळता साठा सोडून, तोंड हाती असलेल्या साठ्याकडे जायचे. दोन्ही मार्गांचे समीकरण एकच आहे, फक्त त्यातले वेगवेगळे पद हलवले जाते.

या प्रतिमानातून काय काय गाळले आहे तेही बघायला हवे, आणि यादी लांब आहे. विहिरीचा तळ साठ्याच्या तळाशी नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात विहीर हिशेबापेक्षा आधी आटते. जनावरांचे पाणी धरलेले नाही. गळती साठ्याच्या सरळ प्रमाणात असते हे गृहीतकच आहे. बूसिनेस्क यांच्या मांडणीत, भूस्तर सपाट असेल तर गळती साठ्याच्या वर्गाच्या प्रमाणात येते, आणि मग पाणी सुरुवातीला झपाट्याने पण शेवटी अगदी संथ उतरते. सर्वात मोठी उणीव भूगर्भाची. कल्याण-मुरबाड-शहापूर या पट्ट्यात बेसाल्टच्या थरांना छेदून गेलेल्या उभ्या खडकपट्ट्या, म्हणजे डाइक, जागोजागी आहेत. घट्ट डाइक भूजलाला आडवी येते: तिच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, खालच्या अंगाची विहीर कोरडी राहते. अशा वेळी चारशे पावलांवरच्या दोन विहिरींचे अर्धकाल वेगळे निघतात आणि एक चौरस किलोमीटरचा एकच रांजण ही कल्पनाच मोडते. गावातल्या जाणत्यांना कोणती विहीर आधी आटते ते पक्के ठाऊक असते. प्रतिमान बांधणाऱ्याला तेवढे विचारले तरी पहिली दुरुस्ती मिळून जाते.

उत्तर मोजमापाशी जुळले म्हणजे प्रतिमान खरे, असा समज होणे सोपे आहे, आणि त्याविरुद्धचा जगप्रसिद्ध दाखला मुंबईचाच आहे. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथरोगांचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. लोकसंख्येचे तीन गट, लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले, आणि त्यांच्यातली ये-जा. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतून गाजलेली प्रतिमाने याच वंशातली. मॅकेंड्रिक यांनी भारतात वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढली होती. आपली समीकरणे पडताळण्यासाठी त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबईतल्या प्लेगचे आठवडावार मृत्यू घेतले. वक्र आकड्यांवर सुरेख बसला, आणि ती आकृती पुढे असंख्य पुस्तकांत छापली गेली. पण त्या मांडणीत लागणीचा वेग सगळ्या महिन्यांत सारखा धरला होता आणि उंदीर-पिसवांचे पद वेगळे नव्हतेच. मुंबईचा प्लेग मात्र दरवर्षी ठरावीक हंगामात चढायचा आणि उतरायचा. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ च्या लेखात दाखवले की उंदीर, पिसवा आणि ऋतुमान समीकरणात घेतले तर साथ ओसरण्याचे कारणच वेगळे दिसते. दोन प्रतिमाने एकाच वक्रावर बसू शकतात. जलविज्ञानात ब्रिटिश शास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी हाच मुद्दा पाऊस-अपधाव प्रतिमानांबाबत वर्षानुवर्षे लावून धरला आहे: आकड्यांचे अनेक संच सारखेच चांगले उत्तर देतात, म्हणून एकच संच ‘खरा’ म्हणून उचलणे धोक्याचे. त्यांचे पाऊस-अपधाव प्रतिमानांवरचे प्रास्ताविक पुस्तक २००१ मध्ये निघाले आणि २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. या विषयात एकच पुस्तक वाचायचे तर ते वाचावे.

पदे वाढवली की प्रतिमान सुधारते, हाही असाच समज. तो पुण्याच्या वेधशाळेच्या इतिहासात तपासून पाहता येतो. भारतीय हवामान विभागाने १९८८ पासून मान्सूनच्या अंदाजासाठी १६ घटकांचे प्रतिमान वापरले. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी ते बांधले होते. हिमालयातला बर्फ, एल निनो, वेगवेगळ्या ठिकाणचे तापमान आणि वायुदाब असे हे घटक. तेरा-चौदा वर्षे अंदाज ‘सर्वसाधारण पाऊस’ असा येत राहिला आणि पाऊसही तसाच पडला. २००२ मध्ये मात्र देशाचा हंगामी पाऊस सरासरीच्या ८१ टक्क्यांवर थांबला, जुलै तर फारच कोरडा गेला, आणि प्रतिमानाने त्याची चाहूल दिली नव्हती. दुष्काळाची वर्षे मुळात थोडी, नोंदी काही दशकांच्या आणि घटक १६; एवढ्या थोड्या नोंदींतून इतके संबंध पक्के करता येत नाहीत. २००३ पासून विभागाने कमी घटकांची, ८ आणि १० घटकांची, प्रतिमाने आणली. पुढे समुद्र आणि वातावरण यांची भौतिक समीकरणे एकत्र सोडवणारी प्रतिमाने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत उभी राहिली. गोवारीकरांच्या प्रतिमानाला आज सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. एकेका घटकाची कारणमीमांसा उघड मांडलेली असल्यामुळेच ते कुठे फसले हे नंतर तपासता आले.

उपयोजित गणिताच्या अलीकडच्या विद्यापीठीय पुस्तकांत जो मोठा बदल दिसतो तो या पार्श्वभूमीवर समजतो. भारतात एम.एस्सी.च्या वर्गांत पिढ्यानपिढ्या वापरलेले जे. एन. कपूर यांचे १९८८ चे गणिती प्रतिमानांवरचे पुस्तक गणिताच्या तंत्रानुसार रचलेले आहे: पहिल्या कोटीची विकलक समीकरणे, मग वरच्या कोटीची, मग अंतर समीकरणे, आलेख-सिद्धांत असे. उदाहरण तंत्राच्या मागून येते. नव्या पुस्तकांत उलट क्रम दिसतो. स्टीव्हन ब्रंटन आणि नेथन कुट्झ यांचे २०१९ चे विदा-आधारित विज्ञान आणि अभियांत्रिकीवरचे पुस्तक मोजमापांपासून सुरू होते, संगणकाच्या आज्ञावली सोबत देते आणि समीकरणच आकड्यांमधून शोधून काढण्याच्या पद्धती शिकवते. अशा पुस्तकांचा एक कणा म्हणजे हजारो मोजमापांच्या गर्दीतून मोजके प्रमुख आकृतिबंध वेगळे करणारे तंत्र. पाऊस, समुद्राचे तापमान, प्रवाहातली खळबळ, सगळीकडे ते वापरले जाते. त्याच्या इतिहासात एक मराठी वाचकांच्या ओळखीचे नाव आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना कोसंबींनी १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलन-अवकाशातल्या संख्याशास्त्रावर लेख लिहिला आणि त्यात या तंत्राचा गाभा मांडला. युरोपातल्या ज्या दोघांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या कार्हुनेन आणि लोएव यांच्या काही वर्षे आधी. इतिहासकार कोसंबी घराघरांत पोचले, गणिती कोसंबी मात्र तज्ज्ञांच्या तळटीपांत राहिले.

मात्र नव्या पुस्तकांतली ताकद मोजमापांच्या भरपूरपणावर उभी आहे, आणि डोळखांबसारख्या ठिकाणी तीच अडचण आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. तालुक्याच्या हिशेबाला ते पुरते, एका पाड्याच्या विहिरीला पुरत नाही. तिथे हजारो आकडे मागणाऱ्या, त्यांतून शिकणाऱ्या यंत्रप्रणालीपेक्षा माये यांचा एका आकड्याचा नियम जास्त कामाचा, कारण तो आकडा दोर, वजन आणि वही यांच्यावर मिळतो.

पद्धत अशी: पाऊस थांबल्यावर दर आठवड्याला, पहाटे उपसा सुरू व्हायच्या आधी, विहिरीतल्या पाण्याची तळापासूनची उंची मोजायची. १ ऑक्टोबरला ४ मीटर असेल आणि १५ नोव्हेंबरला २ मीटर, तर अर्धकाल ४५ दिवस. तेवढ्यावर न थांबता प्रत्येक आठवड्याच्या उंचीचा लॉगरिथम घेऊन तारखेसमोर बिंदू मांडायचे. रांजणाचे प्रतिमान लागू पडत असेल तर बिंदू एका सरळ रेषेत उतरतात, आणि रेषेचा उतार तीव्र तितका अर्धकाल कमी. रेषा वेळेआधीच खाली वळू लागली तर उपशाचा वाटा गळतीच्या तोडीला आला असे समजावे. डिसेंबर-जानेवारीत ती अचानक आडवी होऊ लागली तर विहिरीला दोन साठे पाणी देत आहेत: मुरमातला लवकर आटणारा, आणि खालच्या भेगांतला किंवा डाइकने अडवलेला संथ. मग दोन रेषा वेगवेगळ्या बसवायच्या आणि दोन अर्धकाल काढायचे. वरच्या बाजूला चर किंवा भूमिगत बंधारा झाल्यावर पुढच्या हंगामात हीच मोजणी पुन्हा करायची, शेजारच्या एका न बदललेल्या उतारावरच्या विहिरीचीही सोबत घ्यायची, म्हणजे त्या वर्षीच्या पावसाचा फरक वेगळा काढता येतो. दोन्ही विहिरींच्या रेषा सारख्याच बदलल्या असतील तर श्रेय पावसाचे. कामाच्या बाजूची एकटी रेषा आडवी झाली असेल, तर अर्धकाल किती दिवसांनी लांबला ते त्याच आलेखावरून वाचता येते.